न सापडलेलं पान

परदेशातल्या शॉमबर्ग गावाजवळच्या एका सरकारी ऑफिसात मी वेबसाइटच्या कामासाठी गेलो होतो. प्रत्येक पानाला मेटाडेटा जोडायचा होता, म्हणजे शीर्षक, विषय आणि दोन ओळींचं वर्णन. सर्चमध्ये पान त्यावरूनच सापडतं. शेजारच्या टेबलावर साठीच्या एक मराठी काकू हेच काम करत होत्या. चष्मा कपाळावर सरकवून त्या प्रत्येक पान पुटपुटत वाचायच्या, मगच टाइप करायच्या.

मला राहवेना. "काकू, मी स्क्रिप्ट लिहितो, छोटासा प्रोग्राम. पानाची पहिली ओळ उचलून वर्णनात टाकेल. तासाभरात सगळं डन."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. पहिली ओळ होती, ‘ऊर्जा साहाय्य कार्यक्रमाची पात्रता’.

"घरातलं हीटिंग बंद झालेली बाई हे शब्द टाइप करेल का रे?"

मी ती ओळ पुन्हा वाचली.

"नवरा गेला त्या हिवाळ्यात बिल थकलं म्हणून माझं हीटिंग कापलं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पोरीला कोट घालून झोपवायचे मी. हे पान तेव्हाही होतं. मला सापडलंच नाही."

मग त्यांनी वर्णनात लिहिलं, ‘घरातलं हीटिंग बंद झालंय? मदत इथे मिळेल.’

स्क्रिप्ट मी लिहिली नाही. संध्याकाळपर्यंत माझी अकरा पानं झाली. इतकं सावकाश काम मी पूर्वी कधीच केलं नव्हतं.