पट्ट्याच्या मुळाशी

आमच्या इतवारा पेठेतल्या लोटूभाऊंना कोणी मेकॅनिक म्हणत नाही. लोक त्यांना पट्टेवाले म्हणतात. जुन्या गाड्यांचे दलाल म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही. साठीचे, किडकिडीत. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की ते सोबत येऊन ती तपासून देतात. दलालांच्या हातचा चहाही घेत नाहीत.

माझ्या रितेशला परदेशी कंपनीची मोठी सेडान हवी होती. नवी परवडणार नव्हती, म्हणून जुनी. कामासाठी आठवड्यातून तीनदा त्याला असीरगडचा घाट चढून खंडव्याला जावं लागतं. लोटूभाऊंनी आधीच बजावलं होतं, "ताई, या गाडीचं दोन हजार चौदापर्यंतचं मॉडेल नको. चढावर गिअर सुटतो अन् गाडी मागं येते. पंधरापासून गिअरबॉक्स बदलला." तेव्हापासून मला घाटच दिसत होता, आणि मागून येणारे ट्रक.

निरंजन दलालाच्या आवारात काळी सेडान चकचकत होती. आत इतकं अत्तर फवारलेलं की मी आधी काच खाली केली.

"मम्मी, कलर तो देखो!" रितेश आधीच स्टिअरिंगमागे बसला होता.

"पंधराचं मॉडेल, ताई. माँ कसम," निरंजन म्हणाला. मोबाइलवर आरसीचा फोटो दाखवला. नोंदणी पंधराचीच होती.

"मागची बाजू?" लोटूभाऊंनी विचारलं. गाडी बनल्याचं साल आरसीच्या मागे असतं.

"फाईल इंदोरला आहे. येऊन जाईल."

लोटूभाऊ मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्टचा पट्टा शेवटपर्यंत ओढत गेले. मुळाशी पट्टा बनल्याचा महिना-साल छापलेली एक पांढरी चिंधी शिवलेली होती. चष्मा वर करून त्यांनी वाचलं, "ऑगस्ट, दोन हजार तेरा." मग निरंजनकडे वळले. "केळीचा घड कापला कधी ते सांग, भाऊ. विकला कधी ते नको."

निरंजन जराही ओशाळला नाही. "इतकंच ना? पट्टा बदलून देतो!"

मला शिसारी आली. मीही एक आई. आईची शपथ कुणी इतक्या सहज खाल्लेली ऐकायची, आणि पुढच्याच क्षणी हे!

 परतताना लोटूभाऊंनी सांगितलं. बारा वर्षांपूर्वी नुसते कागद पाहून त्यांनी एक गाडी पास केली होती. ती घाटात मागं आली. आतल्या मुलीचा हात गेला. "तेव्हापासून कागद वाचतो, पण मानत नाही."

पंधरा दिवसांनी बुधवारा पेठेत तीच काळी गाडी दिसली. बॉनेटवर हार, आत तुकईथड गावचं एक कुटुंब. मागच्या सीटवर दोन लेकरं उड्या मारत होती. मी तडक लोटूभाऊंकडे गेले.

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"सांगितलं, ताई. म्हणाले, कमिशन नाही मिळालं म्हणून जळतोस. पट्टाही पाहिला त्यांनी. नवाकोरा होता, चिंधीवर साल पंधरा. पुढचं ऐकायला थांबले नाहीत."

 निरंजनने खरोखर पट्टा बदलला होता.

काल दुसरी गाडी पाहायला गेलो. रितेशने रंगाचं नावही काढलं नाही. सरळ मागे बसून पट्टा ओढला.

"पट्ट्यावर जाऊ नको, बेटा," लोटूभाऊ म्हणाले. "चारी काचांचे कोपरे वाच. तिथंही साल असतं. काचा बदलायचं अजून निरंजनला सुचलं नाही."