सेक्रेटरींच्या आईची सही

सोसायटीच्या सेक्रेटरींना निर्वासितांचा भारी कळवळा. लांब कुठे युद्ध पेटलं की हा गृहस्थ जिने चढून-उतरून दारोदार ब्लँकेटं गोळा करायचा, बातम्या बघताना चष्मा काढून डोळे पुसायचा. मग समोरची बंद पडलेली शाळा निर्वासितांना राहायला द्यायचं ठरलं, आणि त्यांच्या कळवळ्याला एकदम धाप लागली.

दुसऱ्याच दिवशी अर्ज तयार. ‘आमची सहानुभूती आहेच, परंतु परिसराच्या स्वच्छतेचा विचार करता...’ एकूण एक घरमालकाची सही हवी होती. सगळ्यांच्या झाल्या. राहिली फक्त सेक्रेटरींच्या आईची, कारण घर तिच्या नावावर.

आई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिचं न्हाणं-धुणं, उठवणं-बसवणं सगळं कामाला ठेवलेल्या ताई करायच्या. त्याही निर्वासितच, दोन मुलं अजून सीमेवरच्या तंबूत आजीपाशी. पण सेक्रेटरींच्या लेखी ताई ‘तसल्या’ नव्हत्याच.

“तुम्ही काय, घरच्याच,” असं म्हणत त्यांनी अर्ज नेमका ताईंच्या हातात दिला. “आईला नीट दिसत नाही. जरा वाचून दाखवा आणि सही घ्या.”

ताईंनी आईचं शौचाचं भांडं धुऊन ठेवलं, हात पुसले आणि नव्याने शिकलेल्या भाषेत अडखळत स्वच्छतेचा मुद्दा वाचून दाखवला.

“तुझी मुलं कुठे येणार होती गं राहायला?” आईने विचारलं.

“याच शाळेत. सोमवारी.”

आईने पेन गादीवर टाकून दिलं. “मी नाही सही करणार.”

म्हातारीची बुद्धी चळली, अशी सेक्रेटरींनी स्वतःची समजूत घातली. जेवणाच्या टेबलावर बसून आईची सही त्यांनीच ठोकून दिली. शाळेचा बेत बारगळला. सोसायटीच्या सभेत त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या.

सोमवारी ताई नेहमीच्या वेळेला आल्या. डोळे रडून सुजलेले.

“बघ आई, मनात काही ठेवत नाहीत,” सेक्रेटरी कौतुकाने म्हणाले. “अगदी घरच्यासारख्या.”

“मग मुलं येईपर्यंत तिला भरपगारी रजा,” आई म्हणाली. “तोवर माझं सगळं तू करायचंस.”

“अगं, पण मला कसं जमेल?”

“माझी सही जमली ना? मग चादरही जमेल बदलायला. ओली झालीय.”