नांदेडची तारीख

औषधं लातूरलाही मिळत होती, पण मी नांदेडचं केंद्र निवडलं. लातुरात दवाखान्याच्या कुठल्या खिडकीत माझा जुना विद्यार्थी बसलेला असेल, सांगता यायचं नाही. नवरा गेला तेव्हा सासरच्यांना कावीळ एवढंच सांगितलं होतं. नंतर माझीही एचआयव्हीची तपासणी झाली. तो कागद मी एकटीनंच वाचला.

रक्तातल्या टी पेशी खूप कमी झाल्या होत्या. केंद्रातल्या समुपदेशक माझ्याहून लहान होत्या. मी शाळेत विज्ञान शिकवते म्हटल्यावर त्यांनी कागदावर गोल काढले. काही टी पेशी शरीराला सावध करतात. त्यांच्या मदतीनं दुसऱ्या टी पेशी विषाणू शिरलेली पेशी हुडकून मारतात. औषध नसतानाही त्या विषाणूला कित्येक वर्षं दाबून धरतात. पण तो नेमका सावध करणाऱ्या पेशींतच शिरतो, रूप बदलत राहतो आणि मारणाऱ्या पेशी शेवटी थकतात. गोळ्यांनी त्याची वाढ थांबली की पेशी सावरतात.

"मग तो जातो का?" मी विचारलं.

"न्हाई बाई. थोड्या पेशींत झोपून राहतो. म्हणून गोळी चुकवायची न्हाई."

पुढं आठवीच्या वर्गात मी तेच गोल फळ्यावर काढले. विषाणूचं नाव घेताना मात्र तोंड फळ्याकडंच ठेवलं.

तिसऱ्या वर्षी केंद्रातल्या बाकावर आमच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या बाई दिसल्या. अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला होता. त्यांनी पदर ओढून घेतला, मी भिंतीवरचा तक्ता वाचत राहिले. परतीच्या बसमध्ये मात्र त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. लोहा मागं पडल्यावर त्या माझ्याकडं वळल्या.

"तुमच्या पेशी किती हायेत?" त्यांनी हळूच विचारलं.

"आता साडेसहाशे."

त्यांच्या दोनशेसुद्धा नव्हत्या. गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मी वहीच्या पानावर गोल काढून सगळं समजावलं. चाकूर येईपर्यंत त्या एकेक गोष्ट विचारत होत्या. इतक्या वर्षांत या विषयावर केंद्राबाहेर मी कुणाशी बोलले ती तेवढीच दुपार. लातूरला उतरताना त्यांनी ते पान मागून घेतलं, बारीक घडी केली आणि म्हणाल्या, "गावात आपलं हे बोलणं नको."

पुढच्या महिन्यापासून त्यांनी केंद्रातून गोळ्या न्यायची तारीख बदलून घेतली. लग्नाकार्यात भेटल्या की भाजीपाल्याचं, सुनेचं बोलायच्या. तब्येत सुधारलेली दिसायची, पण विचारता यायचं नाही.

गेल्या वर्षी माझ्या तपासणीत विषाणू सापडलाच नाही, इतका तो दबला होता. घरी येऊन मी त्यांना फोन लावला. मी सांगत होते तेव्हा पलीकडं टीव्हीचा आवाज येत होता.

"बरं झालं बाई," त्या कुजबुजल्या, "माणसं हायेत घरात," आणि फोन ठेवला.

दुसरं कुणाला सांगावं, असं नाव आठवेना. मी वह्या तपासायला घेतल्या.