आजोबांची बोटं

स्वारगेटजवळच्या एका मैदानावर मी संध्याकाळी मुलींना बास्केटबॉल शिकवते. दिवसभर शाळेत गणित आणि संध्याकाळी गळ्यात शिट्टी. नवीन मुलींना मी बरेच आठवडे जाळीत बॉल टाकूच देत नाही. आधी बॉल हातात बसला पाहिजे. उजव्या हाताने टप्पे, डाव्या हाताने टप्पे, चालताना, पळताना, गुडघ्यात वाकून. मुलींना कंटाळा येतो, पालकांना त्याहून जास्त.

कसबा पेठेतून एक अकरा वर्षांची मुलगी आजोबांबरोबर बसने यायची. आजोबा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला पेन. सराव संपेपर्यंत कडेच्या बाकावर ताठ बसायचे. एके दिवशी ते उठून माझ्याकडे आले.

"बाई, एक विचारू? ती वर जाळी लावलीय ती शोभेची आहे का?"

"नाही हो आजोबा. पण आधी बॉल ताब्यात यायला हवा."

"अच्छा. म्हणजे आम्ही बस पकडून जमीन ठोकायला येतो. ते घरीही जमलं असतं. खालच्या मजल्यावरच्यांशी तसंही आमचं बोलणं नाही."

मला हसू आलं. पण त्यांच्या नातीचं खरंच अडलं होतं. पोरगी चपळ होती, मात्र नजर बॉलवरून हलायची नाही. समोरून कुणी आलं की जाऊन धडकायची. "मान वर!" असं मी ओरडले की क्षणभर वर बघायची, तेवढ्यात बॉल पायावर आपटून निसटायचा आणि तिचे डोळे भरून यायचे.

"ताई, मी बघितलं नाही तर तो जातो," ती एकदा रडवेली होऊन म्हणाली. "मग का नको बघू?"

मी निसटलेला बॉल उचलून तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मी आजोबांनाच मैदानाच्या टोकाला उभं केलं. "ती टप्पे मारत तुमच्याकडे येईल. तुम्ही बोटं दाखवायची, तिने आकडा मोठ्याने सांगायचा. बोटं मात्र सारखी बदलायची."

"जमेल. आयुष्यभर खिडकीत बसून लोकांना 'उद्या या' सांगितलं, त्यापेक्षा सोपंच आहे."

ती निघाली. "तीन! दोन! चा..." आणि बॉल सुटला. ती त्याच्यामागे धावणार, तोच आजोबा म्हणाले, "बॉल जाऊ दे गं. चार होती की पाच, ते सांग आधी."

बॉल जाऊ दे, असं मी तिला कधीच म्हटलं नव्हतं. तिचे खांदे सैल पडलेले मला लांबूनही दिसले. हळूहळू ती रमली. मग आजोबांनी खोडी काढली, अंगठा अर्धाच दुमडला.

"आजोबा, अर्धं बोट चालणार नाही! रडीचा डाव आहे हा!"

"पेन्शनीत निघालेल्या माणसाचं बोट अर्धंच असतं."

दोघांचं भांडण जुंपलं, आणि तिचा डावा हात खाली आपला टप्पे मारतच होता. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

सुट्टीत दुसऱ्या क्लबशी सामना झाला. दोघींनी तिला कोपऱ्यात कोंडलं. तिने हात बदलला, मान वर केली आणि दोघींच्या मधून जाळीखालच्या मैत्रिणीला पास दिला. सामना आम्ही हरलो, पण ती धावत माझ्याकडे आली. "ताई, मला सगळ्याजणी दिसल्या!"

आता ती मोठ्या मुलींच्या गटात आहे, तिचा सराव सकाळी असतो. आजोबा मात्र अजून संध्याकाळी येतात आणि नवीन मुलींना बोटं दाखवत उभे राहतात. मी एकदा विचारलंच, "नात इथे नाही, मग एवढी दगदग कशाला करता?"

"घरी सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये," ते म्हणाले. "इथे पोरी माझ्याकडे बघतात तरी." आणि बाकावर रेंगाळलेल्या दोघींना त्यांनी हाताने बोलावून घेतलं.