गव्हाणीत लवकर ठेवलेलं बाळ

सासूबाईंच्या घरी नाताळचा गोठा आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारीच मांडला जायचा. मेंढरं, मरिया, योसेफ सगळे जागेवर. गव्हाण तेवढी रिकामी. बाळ येशूची मूर्ती कापसात गुंडाळून कपाटातल्या डब्यात असे आणि ती चर्चमधल्या नाताळच्या मिस्सेहून परतल्यावरच बाहेर निघे. तोवर रोज संध्याकाळी ज्यानं दिवसभरात काही चांगलं केलं असेल, त्यानं गव्हाणीत भाताच्या पेंढ्याची एक काडी ठेवायची. बाळाला मऊ अंथरूण व्हावं म्हणून.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, त्या वर्षी मी एकही काडी ठेवली नाही. आज काही चांगलं केलं नाही, असं सांगून मोकळी व्हायचे. मला सहावा महिना लागला होता. आदल्या खेपेला सातव्यात बाळ पोटातच गेलं होतं. तेव्हा माझी आई निफाडहून धावत आली आणि माझ्यापेक्षा जास्त रडली. ते रडणं मला पुन्हा सोसवलं नसतं. म्हणून या वेळी मी तिला कळवलंच नव्हतं. घरात कुणी 'बाळ आल्यावर' म्हणालं की मी उठून जायचे. मुळात मी तापट, त्यात घाबरलेली.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी घरात एकटीच होते. समोर ती रिकामी गव्हाण. मला ती बघवेना. डबा काढला, कापूस सोडला आणि बाळाला गव्हाणीत ठेवून दिलं. वर मनात म्हटलं, आता बोला काय बोलायचं ते.

सासूबाई बाजारातून आल्या. शिस्तीच्या बाबतीत त्या कुणाचंच ऐकून घेत नसत, त्यामुळे मी भांडायच्या तयारीतच होते. त्यांनी मूर्ती उचलली आणि ती हातात घेऊनच माझ्याजवळ बसल्या.

"आपण घाई केली म्हणून तो लवकर येत नाही," त्या म्हणाल्या, "आणि घाबरलो म्हणून थांबतही नाही." मग विचारलं, "आईला सांगितलंस?"

"नाही. काही झालं तर…"

"आणि सगळं नीट झालं तर? वाट बघायचे तिचे सहा महिने तू एकटीच घेऊन बसलीस. ते कुठून परत देणार?"

मला फार लागलं ते. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. आईच्या शेजाऱ्यांकडे फोन होता. त्यांनी तिला हाक मारून बोलावलं.

"आई, मला दिवस गेलेत."

ती म्हणाली, "ठाऊक हाय. दिवाळीच्या सुट्टीत आलतीस, तवाच वळखलं."

मला राग आला. "मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हनून थांबले. कितवा?"

"सहावा."

पुढचा कितवा, हे दोघींनाही बोलायची गरज नव्हती. "मी येते," ती म्हणाली. "तो महिना मी तुझ्यापाशी राहीन." तिच्या रडण्याला मी इतके दिवस भ्याले होते, आणि त्या काचेच्या खोक्यात उभी राहून रडले मीच. बाहेर लोक खोळंबले होते.

नाताळ झाल्यावर ती आली. सातवा लागला तशी रोज उठल्याबरोबर ती माझ्याकडे बघायची. "हलतंय," असं मी म्हटलं की मगच चहा टाकायची. महिना संपला तरी ती गेली नाही. तिची भीती कमी झाली नव्हती, माझीही नाही. पण भीती आता दोघींत वाटलेली होती आणि तेवढ्यानं दिवस निघत होते.

एप्रिलमध्ये मुलगी झाली. रडली, चांगली जोरात रडली. दाराबाहेर आई कुणाला तरी सांगत होती, "आली."