ताईचे पुढचे दोन दात

माझी मोठी बहीण विलायतेहून महाडला दात बसवायला आली म्हटलं की लोक हसतात. हसू देत. तिकडे बर्फावर पडून तिचे पुढचे दोन दात गेले. सरकारी दवाखान्यात नंबर लागेना, खासगी डॉक्टर परवडेना. त्यापेक्षा विमानाचं तिकीट स्वस्त. दोन वर्षं ताई तोंडावर हात धरून बोलत होती. व्हिडिओ कॉल केला की मला नुसतं छत दाखवायची.

"गणपतीतच ये, सणही होईल नि दातही," असं मीच म्हटलं. अक्कल गहाण ठेवली होती मी. डॉक्टरीणबाईंनी माप घेऊन मुंबईला लॅबमध्ये पाठवलं आणि लॅब गणपतीसाठी बंद झाली. गणपतीला अर्धी मुंबई कोकणात उतरते, हे महाडात जन्म काढलेल्या बाईला सुचू नये? गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ताईचं विमान होतं. गौरी घरात आल्या तरी दातांचा पत्ता नाही. शेजारणी फुगडीला बोलवायला आल्या, तर ताई पदर तोंडाला लावून आत गेली. फुगडीला दोन्ही हात द्यावे लागतात ना. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. लॅबमधला दात बनवणारा कारागीर आमच्याच बाजूचा, पोलादपूरजवळच्या उमरठच्या पुढच्या वाडीतला निघाला. ताईचे दात घेऊनच तो गावी आला होता. महाडला उतरून देणार होता, पण वाडीने ठरवलेली बस पहाटे महाडवरून गेली तेव्हा हा गाढ झोपेत. वाडीत रेंज नाही, म्हणून आज टेकडी चढून त्याने फोन केला होता.

मी ताईला स्कूटरवर घातलं आणि सुटले. पोलादपूरपर्यंत गाड्यांच्या रांगा, त्यातून मी अशी काही घुसत होते की ताई मागून देवाचं नाव घेत होती. कारागिराच्या घरी त्याच्या आईने मोदकांचं ताट ताईपुढे केलं. ताईने मान हलवून नको म्हटलं.

"घे गो. गणपतीच्या घरी येऊन नाय म्हणतात काय?"

"आये, थांब जरा," तो म्हणाला, "त्यांचे दात अजून डब्यात हायत."

ताई पदराआड हसली. मी आनंदाने चार मोदक खाल्ले, तिच्या वाटणीचेसुद्धा.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी काठपदराच्या साडीवरच ॲप्रन चढवला आणि बंद दवाखाना आमच्यासाठी उघडला. दात बसले. ताईने आरसा हातात घेतला तो ठेवेचना.

संध्याकाळी गौरीसमोर मी हात पुढे केले. ताईचा एक हात सवयीने तोंडाकडे गेला, अर्ध्यावर थांबला. मग तिने दोन्ही हात मला दिले. आम्ही गरगर फिरलो, माझी पिन सुटली, पदर सुटला, आणि ताई तोंड भरून हसत होती. शेजारणी म्हणाल्या, पुरे आता. पण मी तिचे हात सोडले नाहीत.