रिकाम्या रानातला मका

बोर्ड करणाऱ्या माणसाने बोर्डावर विश्वास ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. कुवेतमधल्या अर्दियाच्या वर्कशॉपमध्ये मी अठरा वर्षं बोर्डच करतोय. गिऱ्हाईक प्रूफवर सही करतं, आम्ही अक्षर न् अक्षर तसंच कापतो. खरं-खोटं त्याचं त्याने बघावं.

गेल्या वर्षी इथल्याच एका अमेरिकन शाळेची ऑर्डर आली. अमेरिकेत म्हणे रस्त्याच्या कडेला खांबांवर जाड धातूचे बोर्ड असतात. देशाच्या सुरुवातीच्या काळात इथे अमुक घडलं, इथे तमुक राहिले, असं त्यांवर लिहिलेलं असतं, आणि लोक गाडी थांबवून वाचतात. तसेच चार बोर्ड शाळेच्या कुंपणालगत लावायचे होते. कुवेतच्या वाळूत उभं राहून तिथल्या रानाबद्दल वाचायचं! मला पहिल्यापासून काहीतरी काळंबेरं वाटत होतं.

इंग्रजी मी सावकाश वाचतो, पण सोडत नाही. पहिल्या बोर्डावर होतं की वसाहतकरी हे गाव वसवायला आले तेव्हा इथे नुसतं रिकामं रान होतं. दुसरा बोर्ड त्याच गावचा. पहिल्या हिवाळ्यात उपासमार झाली तेव्हा शेजारच्या मूळ रहिवाशांनी मका आणून दिला, असं त्यावर लिहिलेलं. आता रिकाम्या रानात शेजारी कुठून आले, आणि मका कोणी पेरला?

फोरमनला दाखवलं. तो म्हणाला, "तेरे को क्या करना है? जो लिखा है, काट."

त्याचं बरोबर होतं. पण मला राहवेना, आणि का राहवेना तेही मला पक्कं ठाऊक होतं. असाच एक बोर्ड मी स्वतः केलेला आहे.

कोकणातल्या आमच्या घरामागची विहीर वडील आणि काका दोघांनी खोदली. खडक लागला तेव्हा वडिलांनी हात टेकले. पुढचा सगळा कातळ काकांनी फोडला. नंतर बांधावरून दोघांचं बिनसलं ते कायमचं. दोघेही गेल्यावर एकदा सुट्टीवर जाताना मी इथूनच उठावाच्या अक्षरांचा बोर्ड करून नेला. विहीर खोदणारे म्हणून एकट्या वडिलांचं नाव, आणि शेवटच्या ओळीत बोर्ड देणाऱ्याचं, म्हणजे माझं. मनात राग होता, दुसरं काही नाही. बोर्ड ठोकत होतो तेव्हा काकू आली. तिला अक्षरओळख नाही.

"ह्येंचा नाव खंय हा रे?" तिने काकांबद्दल विचारलं.

"ह्या बघ, खालती," मी म्हणालो, आणि तिचं बोट धरून माझ्याच नावावरून फिरवलं.

तेव्हापासून ती रोज सकाळी त्या ओळीवर जास्वंदीचं फूल ठेवते. तिची सून मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवते. सोबत एक शब्दही लिहीत नाही. सुनेला वाचता येतं, मग ती गप्प का, याचाही मला संशय. मेलेल्या माणसासाठीचं फूल माझ्या नावावर बघून अंगावर काटा येतो. काकू ऐंशीच्या पुढे गेलीय. मी खरं सांगायच्या आत ती गेली, तर हे खोटं माझ्याच गळ्यात राहणार होतं.

बोर्ड पोचवायला शाळेत गेलो तेव्हा इतिहासाच्या बाई स्वतः बाहेर आल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी मक्याचं विचारलंच. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, मुलांनी नेमकं हेच विचारावं म्हणून तर हे दोन बोर्ड शेजारी-शेजारी लावतेय. बोर्ड कोणी लावला आणि त्यावर कोणाचं नाव नाही, हे आधी बघायचं असतं.

हे बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या. यांना कोणी आमच्या विहिरीचं सांगितलं की काय, असं क्षणभर वाटून गेलं. 

शुक्रवारी, आम्ही राहतो त्या फरवानियाच्या खोलीत बाकीचे बाजारात गेल्यावर मी फोन लावला.

"काकू, बोर्डावर खालती माझा नाव हा. काकांचा नाय. मी खोटा बोललंय तुका."

 

"माका म्हायत हा," काकू म्हणाली. "तू गेलंस त्याच दिवशी सुनेकडना वाचून घेतलंय."

"मगे रोज फूल कित्याक ठेवतंस?"

"फोटो तुका जातत, म्हणान. तू कधी सांगतंस ता बघूक."

 तीच पुढे म्हणाली, "आता नवो बोर्ड हाड. ह्या खेपेक आदी सून वाचतली, मगेच ठोकायचो."